आपल्या म्हणजे कुणाच्या?

वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "आपल्या म्हणजे कुणाच्या?"

समोर बसलेल्या वहिनीला आधी प्रश्नच कळला नाही. वहिनी हे काही तिचं नाव नव्हे. नणंद तिला वहिनी म्हणायची, ते ऐकून शेजारपाजार म्हणू लागला, मग गिऱ्हाइकं, मग माल पोचवणारा टेम्पोवाला, आणि आता तिच्याहून चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या वकीलबाईसुद्धा. जगाची वहिनी होऊन बसली होती ती. तिने एकदा कागदाकडे आणि एकदा वकीलबाईंकडे पाहिलं.

"आपल्या म्हणजे माझ्या. मलाच लिहिलंय की ते."

"मोठ्याने वाचा बरं."

वाचायची गरजच नव्हती. सहा वर्षं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा कपाटात होता, आणि त्यातल्या दोन ओळी तिला तोंडपाठ होत्या. तरी तिने वाचलं. "'सदर जागेत आपण पादत्राणांचा व्यवसाय सुरू करण्यास माझी कोणतीही हरकत नाही. सदर व्यवसाय व त्याचे हुश्श हे नाव आपल्या मालकीचे राहील.' खाली नणंदेची सही आहे."

"पहिल्या ओळीतलं 'आपण' म्हणजे तुम्ही, मान्य. तिथे वाद नाही. पण दुसऱ्या ओळीतलं 'आपल्या' म्हणजे तुमच्या, की तुमच्या आणि तिच्या, दोघींच्या? मी तुम्हाला म्हटलं, 'चला वहिनी, आपल्या गाडीतून जाऊ,' तर ती गाडी कुणाची?"

वहिनीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

ज्या कुणी आपल्या भाषेत समोरच्याला मान द्यायला आणि समोरच्याला कवेत घ्यायला एकच शब्द ठेवला, त्याच्यावर धंदा करून वकिलाच्या पायऱ्या चढायची वेळ आली नसावी. घरात हा शब्द फार गोड वाटतो. कागदावर तो निसरडा होतो, आणि त्याच्यावरून घसरून पडणारा माणूस सहा वर्षांनी पडतो, तेही नेमका भरधाव असताना.

कारण वहिनी आता भरधाव होती. बावीस दुकानं असलेल्या एका मोठ्या कंपनीला तिचे 'हुश्श' बूट हवे होते. सुजरे पाय, वाकडी बोटं, टाचेला भेगा, दिवसभर उभं राहायचं काम, अशा पायांसाठी शिवलेले बूट. कंपनीच्या माणसाने नमुने नेले, वाकवून पाहिले, पाण्यात बुडवून पाहिले, आणि वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा इतका मोठा होकार ऐकला. त्या होकारावर तिने जुनी जागा सोडून मोठा गाळा घेतला होता, पाच वर्षांच्या करारावर सही केली होती, आणि शिवणकामाला चार बायका ठेवल्या होत्या. त्यातल्या दोघी पक्की नोकरी सोडून आल्या होत्या. आता कंपनीची एकच अट उरली होती, की 'हुश्श' हे नाव वहिनीच्या मालकीचं आहे याचा स्वच्छ कागद शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर पाहिजे. आज मंगळवार होता.

"आणि दोघींच्या असं निघालं तर?" वहिनीने विचारलं.

"तर ती तुमची भागीदार. नावाच्या नोंदणीचा अर्ज दोघींच्या नावाने नव्याने करायचा, भागीदारीचा करार करायचा, कंपनीशी नवं बोलणं. त्याला शुक्रवार पुरणार नाही. कंपनी थांबेल की नाही, मी सांगू शकत नाही. अशा बुटांचे नमुने त्यांनी आणखी एकाकडूनही मागवलेत, हे तुम्हीच मला सांगितलंत." वकीलबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "एक करू. मी तुमच्या नणंदेच्या वतीने एक खुलासा तयार करून ठेवते, की 'आपल्या' म्हणजे 'तुमच्या' असा माझा अर्थ होता. ती तसंच म्हणाली तर सही घेऊन या. पण आधी विचारा, आणि वाचून दाखवा. न वाचता घेतलेली सही पुढे कधी अंगाशी येईल सांगता येत नाही."

"वाचून दाखवेन की," वहिनी म्हणाली. आवाज अगदी सरळ आला. तिचं तिलाच नवल वाटलं.

या सगळ्याचं मूळ सासूबाईंच्या पायांत होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजायला लागले. सकाळी सहज चढलेला बूट संध्याकाळी काढायला दोन माणसं लागायची. वहिनी तेव्हा बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. तिने मऊ चामड्याच्या उरलेल्या तुकड्यांतून एक जोड घरी शिवला. तोंडाला रुंद, बोटांवर कुठेही शिवण नाही, आणि माप मुद्दाम संध्याकाळी घेतलेलं, कारण पाय खरं बोलतो तो संध्याकाळीच. सासूबाईंनी पाय आत घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हुश्श."

शेजारी त्यांची मुलगी बसली होती, वहिनीची नणंद. घरात तिला धाकटी म्हणत आणि चाळिशी आली तरी ती धाकटीच राहिली होती. ती टाळी वाजवून म्हणाली, "वहिनी, हेच नाव!"

"कशाचं नाव?"

"आपल्या बुटांचं!"

धाकटी एका मोठ्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. रोज शंभर माणसं तिच्यापुढून लंगडत जायची. त्यांतल्या ज्यांचे पाय बुटात मावत नसत, त्यांना ती चिठ्ठीवर पत्ता लिहून द्यायची. वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेली तळमजल्याची एक खोली होती, तिथे वहिनीचं यंत्र बसलं. पहिली दोन वर्षं धाकटी दर रविवारी तिथे यायची, गिऱ्हाइकांचे पाय तपकिरी कागदावर ठेवून पेन्सिलीने आखायची, आणि गुदगुल्या झालेलं माणूस हसलं की त्याच्याहून मोठ्याने हसायची. दुकानाचा परवाना काढायला जागेच्या मालकाचं नाहरकत पत्र लागलं, तेव्हा ते तिनेच कचेरीतल्या टायपिंगवाल्याकडून टाइप करवून आणलं. मग सासूबाई गेल्या. कामाचा व्याप वाढला, खोली अपुरी पडली, दुकान दुसरीकडे गेलं. रविवार सुटले. भांडण म्हणाल तर एका शब्दाचं नाही. कुणी कुणाला या म्हटलं नाही, कुणी येते म्हटलं नाही, एवढंच. चिठ्ठ्या मात्र अजून येत होत्या.

वहिनी घरी आली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेची बस चालवायचा आणि दिवसभर पोरांची भांडणं सोडवून त्याला भांडण या गोष्टीचाच वीट आला होता.

"विचार की सरळ तिला," तो म्हणाला. "फोन उचल आणि विचार."

"आणि ती दोघींच्या म्हणाली तर?"

"तर दोघींच्या."

"चार बायकांना मी घरी पाठवू? गाळ्याचं काय करू?"

"हे बघ, ती माझी बहीण आणि तू माझी बायको. मी मध्ये पडणार नाही. मला माझं डोकं प्यारं आहे." त्याने ताट पुढे ओढलं. "चल, आपण जेवून घेऊ."

"आपण म्हणजे कोण?" वहिनी फिसकारली. तो घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला.

बुधवारी तर त्या शब्दाने तिचा पिच्छाच पुरवला. नव्या गाळ्यात पाय ठेवते तोच शिवणकाम करणाऱ्यांतली थोरली म्हणाली, "वहिनी, आपले तळवे संपत आले." दुसरी म्हणाली, "आपल्याला काय, सांगाल तसं शिवू." तिसरी खिडकीत उभी होती. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही, बघत होते आपली." जिकडे तिकडे आपलं नि आपली. कारखान्यात अठरा वर्षं काढली, पण हा शब्द इतक्या वेळा वापरला जातो हे तिच्या कानांना कधी कळलंच नव्हतं. त्या नादात तिने चामडं कापायच्या रापीने तळव्यांचा अख्खा गठ्ठा कापून ठेवला, आणि थोरलीने एकेक उचलून बघितला तर सगळेच्या सगळे डाव्या पायाचे.

"वहिनी, एका पायाच्या माणसांची ऑर्डर आली का?" थोरलीने विचारलं. बाकीच्या तिघी खुदकन हसल्या. वहिनीलाही हसू यायला हवं होतं. तिने त्या चौघींकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटायला आलं. शनिवारी यांना काय सांगायचं?

दुपारी तिने डबा न उघडताच परवाना कचेरी गाठली. तिथल्या लांब ओसरीत सहा वर्षांपूर्वी टायपिंगवाले काका बसायचे. अजून बसत होते, फक्त टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला होता आणि काकांची मान आणखी पुढे आली होती. वहिनीने कागद दाखवला. काकांनी तो नाकाजवळ धरला.

"माझाच आहे. हा समास मीच सोडतो. काय चूक आहे यात?"

"चूक नाही काका. माझ्या नणंदेने तुम्हाला मजकूर हाताने लिहून दिला असेल ना? त्यात काय होतं?"

"बाई, सहा वर्षं झाली. मला सकाळचं आठवत नाही." मग काकांना आपल्या कामाचा अभिमान आठवला असावा. ते ताठ बसले. "पण एक सांगतो. घरातली माणसं कागद लिहून आणतात त्यात तू-तू करून ठेवतात. तुझी जागा, तुझं दुकान. कचेरीत 'तू' चालत नाही. मी 'तू' दिसला की 'आपण' करतो, 'तुझं' दिसलं की 'आपलं'. आजवर माझा एक कागद परत आलेला नाही."

वहिनीच्या जिवात जीव आला. "म्हणजे तिने 'तुझ्या मालकीचं' लिहिलं असणार, आणि तुम्ही 'आपल्या' केलं!"

"असणार की."

"आणि तिने मुळातच 'आपल्या' लिहिलं असेल तर?"

"तर त्याला मी कशाला हात लावू? ते आधीच बरोबर आहे." काकांनी कागद परत दिला. "पुढचा कोण आहे?"

म्हणजे तिथेही काही निष्पन्न झालं नाही. धाकटीने 'तुझ्या' लिहिलं असतं तरी कागदावर 'आपल्या' आलं असतं, आणि 'आपल्या' लिहिलं असतं तरी 'आपल्या'च. काकांच्या हाताखालून गेल्यावर दोन्ही अर्थ एकसारखे दिसत होते. पायऱ्या उतरताना वहिनी स्वतःला समजावत राहिली. राबलं कोण? मी. बोटांना भोकं पडली कुणाच्या? माझ्या. नाव सुचवणं म्हणजे काय मोठं काम, सासूबाई म्हणाल्या ते हिने उचललं. आणि सहा वर्षांत हिने एकदा तरी विचारलं का, की वहिनी, माझं काय? नाही ना? मग झालं तर. सगळे मुद्दे बरोबर होते. फक्त ते 'आपल्या बुटांचं!' आणि ती टाळी मधे मधे येत होती, आणि तेवढं आलं की सगळे मुद्दे पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागायचे.

गुरुवारी तिने वकीलबाईंकडून खुलाशाचा कागद घेतला. सरळ, छापील, चार ओळींचा. "सात वाजेपर्यंत मी ऑफिसात आहे," वकीलबाई म्हणाल्या. "सही मिळाली तर आजच आणून द्या, उद्या सकाळी मी पाठवते."

तिथून ती धाकटीकडे निघाली. बरोबर बुटांचा नवा जोड होता. दर वर्षी ती धाकटीला एक जोड द्यायची, तशी यंदाचीही वेळ झालीच होती, यात वावगं काही नव्हतं. तरी जिना चढताना ती पिशवी तिला जड वाटली. न्यायला नको होते, आज तरी नको होते.

धाकटी नुकतीच कामावरून आली होती. दारातच ओरडली, "अगं, वहिनी! सूर्य कुठे उगवला आज? बस, बस. चहा टाकते." ती एका पायावर भार देऊन चालत होती. चहा टेबलावर ठेवून ती खुर्चीत अक्षरशः कोसळली आणि जुने बूट पायाने ढकलून दिले. वहिनीची नजर आधी पायांवर गेली. धंद्याची सवय, दुसरं काय. घोटे सुजले होते. अगदी सासूबाईंसारखे.

"कधीपासून?"

"आईवर गेलेय मी," धाकटी हसून म्हणाली. "चालायचंच. ते काय आणलंस?"

नवा बूट पायात सरकला तसे धाकटीने डोळे मिटले. "हुश्श," ती म्हणाली, आणि लगेच एक डोळा उघडला. "हे मी नावासाठी नाही म्हटलं हं. खरंच निघालं."

वहिनीला वाटलं, आत्ता. आत्ताच विचारावं. तिने पिशवीतून कागद काढला आणि तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "एक सही हवी होती तुझी. त्या कंपनीच्या कामासाठी. नावाचा कागद आहे."

"ती बावीस दुकानंवाली? झालं ते? बाई गं!" धाकटीने पेन उचललं. "कुठे करू? चष्मा आत राहिलाय."

आत म्हणजे सहा पावलांवर. वहिनीने म्हणायचं होतं, घेऊन ये. म्हणायचं होतं, थांब, मी वाचून दाखवते. वकीलबाईंना तसा शब्द दिला होता. तिने टेबलावरचा चहाचा कप बाजूला केला, कागद सरळ केला, आणि रेघेवर बोट ठेवलं.

"इथे."

धाकटी सही करता करता बोलतच होती. "आमच्या खिडकीवरची ती नवी मुलगी आहे ना, ती विचारत होती, हे हुश्शवाले बूट मिळतात कुठे. मी म्हटलं, अगं, आपलंच दुकान आहे."

"आपलं म्हणजे?" वहिनीने विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की तिला वाटलं, ऐकूच गेला नसेल.

"म्हणजे काय? तुझं नि माझं." धाकटीने सहीखाली नेहमीची रेघ ओढली, टोकाला दोन ठिपके दिले आणि कागद पुढे सरकवला. "आपलं म्हणजे आणखी काय असतं?"

चहा कसा संपला, वहिनीला कळलं नाही. ती काहीतरी बोलली, धाकटी काहीतरी बोलली, आणि कागद पिशवीत घालून ती जिना उतरली. सहाला दहा कमी होते. इथून वकीलबाईंचं ऑफिस चालत अर्धा तास. वेळ भरपूर होता. उद्या सकाळी कागद जाईल, शनिवारी चौघी कामावर येतील, बावीस दुकानांत 'हुश्श' लागेल, आणि धाकटी खिडकीवर बसून सगळ्यांना सांगत राहील, आपलंच दुकान आहे. तिला कधी कळणारही नाही. इथे वहिनीचे पाय थांबले. कळणार नाही हेच तिला सोसेना. कळलं असतं, भांडण झालं असतं, तर निदान भांडता आलं असतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडेही तिला बघवेना.

ती उलटी वळली आणि जिना चढली. दोन दोन पायऱ्या एकदम.

दार लोटलेलंच होतं. धाकटी नव्या बुटांत खोलीभर फेऱ्या मारत होती. "काय विसरलीस?"

"काही नाही. हा कागद नको आता. दुसरा करू." एवढ्यावर भागेल असं तिला खरंच वाटलं. तिने कागद चुरगळला, आणि हातांना दुसरं काही सुचेना म्हणून खाली पडलेला धाकटीचा जुना बूट उचलून त्याच्या टोकात तो कोंबला. बुटाचा आकार मोडू नये म्हणून रोज कागद कोंबायचे हात ते, त्यांनी त्यांचं काम केलं.

धाकटी चालायची थांबली. रोज शंभर माणसांचे चेहरे वाचणारी बाई ती. तिने बूट वहिनीच्या हातातून घेतला, टोकातून कागद ओढून काढला आणि आत गेली. चष्मा लावूनच बाहेर आली. कागद टेबलावर तळहाताने सपाट करून तिने वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. चार ओळी वाचायला तिला फार वेळ लागला, मग तिने त्या पुन्हा वाचल्या.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"नाहीस," वहिनी म्हणाली.

"आणि हे तुला माहीत होतं. मी सही करत होते तेव्हा."

"हो."

वहिनी उभीच राहिली. मग तिने सगळं सांगितलं. जुन्या पत्रातला शब्द, वकीलबाईंचा प्रश्न, शुक्रवार, टायपिंगवाले काका, गाळा, चार बायका. सांगता सांगता तिला कळत होतं की हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही उपयोगाचं नाही. शेवटी ती म्हणाली, "मला भीती वाटली गं. विचारलं तर तू दोघींचं म्हणशील, म्हणून विचारलं नाही. तू काय म्हणणार हे मला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं."

धाकटी चुरगळलेल्या कागदाच्या घड्या नखाने सरळ करत बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खिडकीवरचा होता, कोरडा. "मी दिवसभर लोकांवर ओरडते, वाचल्याशिवाय सही करू नका, मग आमच्या नावाने रडू नका. म्हाताऱ्या माणसांवरसुद्धा ओरडते. आणि घरी येऊन मी न वाचता सही केली." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आई असती तर तिला सांगितलंसुद्धा असतं मी. आता कुणाला सांगू? दादाला सांगून त्याच्या घरात आग लावू?"

वहिनीने बुटांच्या पिशवीची उगाचच घडी घातली.

"दोघींचं केलं तर कंपनी जाईल?" धाकटीने विचारलं.

"जाईल कदाचित. थांबेलही. वकीलबाई म्हणाल्या, सांगता येत नाही."

"आणि त्या बायका?"

"त्यांना मी सांगेन. आधी त्यांनाच सांगेन." उद्या सकाळी फोन करून वकीलबाईंना सांगायचं, मग कंपनीच्या माणसाला, मग त्या चौघींना, आणि तो गाळा तर पाच वर्षं तिच्या मानेवर बसलेलाच होता. पण आता ते सगळं सरळ सांगता येणार होतं.

धाकटी खाली वाकली. वहिनीला वाटलं, नवे बूट काढून परत देणार. धाकटीने ते काढले नाहीत. तिने डाव्या बुटाचा बंद सैल केला, सूज चढली होती, आणि पुन्हा बांधला. मग सही केलेला कागद मधोमध फाडला, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडला, आणि कपाच्या बशीत ठेवून दिला.

"वकीलबाईंचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

"दहाला."

"मी सुट्टी टाकते." ती उठली आणि दारापर्यंत आली. दर वेळी ती वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून निरोप द्यायची. आज तिने हात दाराच्या कडीवर ठेवला. "आणि वहिनी, त्या नव्या कागदात 'आपल्या' नको लिहायला लावूस."

"मग?"

"नावं लिही. दोघींची. पूर्ण."